हॉस्पिटलमधल्या रिसर्चला आयटी आणि डेटा सपोर्ट कसा द्यायचा: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

हॉस्पिटलच्या रिसर्च टीमला डेटा सपोर्ट द्यायचं काम ज्यांच्याकडे नुकतंच आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सर्व्हर, नेटवर्क, थोडंफार एसक्यूएल तुम्हाला येतं असं धरून चालतो. नेहमीच्या आयटी कामात सिस्टिम चालू राहिली, तक्रार मिटली की विषय संपतो, इथे तसं होत नाही. इथे दोन-तीन वर्षांनी कोणीतरी, ऑडिटर असेल, जर्नलचा रिव्ह्यूअर असेल नाहीतर स्वतः संशोधकच असेल, टेबलातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारणार की हा कुठून आला, आणि तेव्हा पेशंटच्या मूळ नोंदीपर्यंत मागे जाऊन दाखवता आलं पाहिजे. खाली जे जे सांगतोय ते शेवटी त्यासाठीच आहे.

पहिली मीटिंग

रिक्वेस्ट बहुतेक वेळा एका ओळीची असते, "गेल्या पाच वर्षांतले सगळे डायबेटिसचे पेशंट द्या". लगेच क्वेरी लिहायला बसू नका. डायबेटिसचा पेशंट म्हणजे नेमका कोण हे आधी विचारा. डिस्चार्जच्या वेळी आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) मधला ई१० ते ई१४ पैकी कोड लागलाय तो, की एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा जास्त आलंय तो, की मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध चालू आहे तो? तिन्हीच्या याद्या वेगवेगळ्या येतात, आणि मेटफॉर्मिन पीसीओएस या स्त्रियांच्या हार्मोनच्या त्रासासाठीही देतात त्यामुळे नुसत्या औषधावरून काढलेली यादी फसवी असते. ही व्याख्या डॉक्टरांनीच ठरवायची, तुमचं काम त्यांच्यासमोर पर्याय मांडायचं आणि जे ठरलं ते तारखेसकट लिहून ठेवायचं.

दुसरा प्रश्न: टेबलातली एक ओळ कशाची? एका पेशंटची, एका अ‍ॅडमिशनची, की एका टेस्टची? हा प्रश्न इतका साधा वाटतो की कोणी विचारतच नाही, आणि मग एकच माणूस चार वेळा अ‍ॅडमिट झाला म्हणून अ‍ॅनालिसिसमध्ये चार माणसं होऊन बसतो. तिसरा प्रश्न, वेळ कुठून मोजायची? अ‍ॅडमिशनपासून, निदानापासून, की ऑपरेशनपासून? "३० दिवसांतले मृत्यू" मोजायचे तर हा शून्यावा दिवस आधी पक्का लागतो.

माझा अनुभव असा की कोऱ्या टेबलाचं चित्र मागितलं की निम्मं काम सोपं होतं. पेपरमधलं शेवटचं टेबल कसं दिसायला हवंय ते संशोधकाला कागदावर काढायला सांगा, आकडे नकोत, फक्त रकाने. त्यावरून कोणती फील्ड खरंच लागणार आणि कोणती "असू देत, उपयोगी पडतील" म्हणून मागितलीत ते लगेच कळतं. स्टॅटिस्टिशियन असेल तर त्यांनाही याच मीटिंगला बोलवा, डेटा गोळा झाल्यावर नाही.

परवानगीचे कागद

एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटचं हित जपणारी समिती) मंजुरी असल्याशिवाय ओळ-ओळ डेटा कोणालाही द्यायचा नाही, मागणारे कितीही सीनियर असोत. मंजुरीचं पत्र, प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) आणि संमतीपत्राचा नमुना तिन्ही स्वतः वाचा. पत्रात लिहिलेली फील्ड, कालावधी, कोणकोण डेटा बघणार, किती वर्षं ठेवणार, हे सगळं तुमच्या क्वेरीशी आणि अ‍ॅक्सेसशी जुळायला हवं. प्रोटोकॉलमध्ये पत्ता नाही आणि रिक्वेस्टमध्ये आहे, तर पत्ता द्यायचा नाही, अमेंडमेंट, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये मंजूर बदल, करून घ्यायला सांगायचं. हे नम्रपणे सांगता येतं आणि बहुतेक डॉक्टर समजून घेतात.

कायदे देशागणिक वेगळे. युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे, अमेरिकेत आरोग्याच्या माहितीसाठी हिपा आहे, भारताने २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा केला. औषधाची क्लिनिकल ट्रायल असेल तर आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे नियमही येतात, त्याची तिसरी सुधारित आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये अंतिम झाली. पाठ करायची गरज नाही, आपल्या अभ्यासाला कोणते लागू आहेत ते एथिक्स ऑफिसला विचारून घ्या.

ओळख लपवणं, म्हणजे नाव काढून टाकणं एवढंच नव्हे

इथे जरा थांबून वाचा, नव्या लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतो.

नाव काढून त्या जागी स्टडी आयडी टाकला आणि जोडणारी यादी कुठेतरी ठेवली, तर तो डेटा निनावी झाला नाही, फक्त टोपणनावाचा झाला. ती जोडयादी, आपण तिला की फाइल म्हणतो, ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं परत उघडता येतं. म्हणून की फाइल वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या परवानगीने, एन्क्रिप्ट करून, आणि शक्यतो अ‍ॅनालिसिस न करणाऱ्या माणसाच्या ताब्यात. डेटा आणि की एकाच फोल्डरमध्ये असतील तर आयडी देऊन काही उपयोग झाला नाही.

स्टडी आयडी रँडम ठेवा. हॉस्पिटल नंबरचे शेवटचे आकडे, जन्मतारीख, इनिशियल्स यातलं काही त्यात मिसळू नका. काही जण फोन नंबरचा हॅश करून तोच आयडी म्हणून वापरतात आणि सुरक्षित समजतात, पण दहा आकडी नंबर एकूण असून असून किती असणार, सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं साध्या कॉम्प्युटरलाही जमतं.

मग येतात ती फील्ड जी एकेकटी निरुपद्रवी वाटतात. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तिन्हींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. त्याआधी त्यांनीच मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची हॉस्पिटलची नोंद "निनावी" डेटातून शोधून काढली होती. म्हणून जन्मतारखेऐवजी वय द्या, पूर्ण पिन कोडऐवजी मोठा भाग द्या. हिपाच्या सेफ हार्बर पद्धतीत काढून टाकायच्या १८ गोष्टींची यादी आहे आणि ८९ च्या वरची सगळी वयं "९० आणि पुढे" अशी एकत्र करायची असतात, ही यादी कुठेही काम करत असाल तरी चेकलिस्ट म्हणून चांगली आहे. आणि दुर्मिळ आजार असेल तर नुसतं निदान आणि वर्ष यावरूनही माणूस ओळखता येतो, तिथे यादी पाळून भागत नाही, डोकं वापरावं लागतं.

तारखांसाठी एक सोपी युक्ती. प्रत्येक पेशंटला एक रँडम आकडा द्या, आणि त्याच्या सगळ्या तारखा तेवढेच दिवस मागे किंवा पुढे सरकवा. दोन तारखांमधलं अंतर तसंच राहतं, खरी तारीख लपते. पण अभ्यास ऋतूंवर किंवा साथीच्या लाटेवर असेल तर असं सरकवून सगळं बिघडेल, आधी विचारा.

फ्री टेक्स्टपासून सांभाळून. डॉक्टरांच्या नोटमध्ये नातेवाइकाचं नाव, ऑफिसचं नाव, शेजारचा फोन नंबर, काहीही असतं. सॉफ्टवेअरने काढलं तरी काही ना काही उरतं, त्यामुळे खरंच लागत नसेल तर नोट देऊच नका, लागणारी माहिती फील्ड म्हणून काढून द्या.

आणि इमेज. डायकॉम फाइलच्या (स्कॅन ज्या फॉरमॅटमध्ये साठवतात तो) हेडरमध्ये नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल सगळं असतं हे बहुतेकांना माहीत असतं, हेडर साफ करायची टूल्सही आहेत. पण सोनोग्राफीत नाव चित्राच्या आतच छापलेलं असतं, हेडर पुसून ते जात नाही. शिवाय डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा तयार करता येतो, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८४ पैकी ७० जणांचा चेहरा त्यांच्या फोटोंशी सॉफ्टवेअरने बरोबर जुळवला होता. म्हणून मेंदूचे स्कॅन बाहेर पाठवताना चेहऱ्याचा भाग काढून टाकायची पायरी ठेवा.

फॉर्म बनवणं

नवा डेटा गोळा करायचा असेल तर एक्सेलऐवजी त्यासाठीच बनलेली सिस्टिम घ्या. रेडकॅप सगळ्यात परिचित, २००४ मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत सुरू झालं आणि ना-नफा संस्थांना लायसन्स करार करून फुकट मिळतं, फक्त सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस आपला लागतो. कोणी कधी काय टाकलं, काय बदललं याचा लॉग आपोआप राहतो, आणि सुरुवातीला म्हटलेलं ते मागे जाऊन दाखवणं याच लॉगवर चालतं.

आधी डेटा डिक्शनरी लिहा, मग फॉर्म. प्रत्येक फील्डसाठी नाव, प्रश्न, प्रकार, युनिट, चालणारी किमान-कमाल मर्यादा, आणि पर्यायांचे कोड. होय-नाही सगळीकडे १ आणि ०, एका फॉर्मवर १-२ आणि दुसऱ्यावर ०-१ असलं काही नको. लिहायची जागा कमीत कमी ठेवा, पर्याय जास्तीत जास्त, कारण "हाय बीपी", "एचटीएन", "हायपरटेन्शन" आणि त्याची चार चुकीची स्पेलिंगं नंतर एकत्र करत बसायला कोणालाच वेळ नसतो.

रिकामी जागा म्हणजे काय हे आधी ठरवा. टेस्ट केलीच नाही, केली पण रिपोर्ट मिळाला नाही, पेशंटने उत्तर द्यायला नकार दिला, की टाकणारा विसरला? चारही वेगळे अर्थ आहेत, चार वेगळे कोड द्या. पण -९९ सारखा कोड आकड्याच्याच फील्डमध्ये टाकला तर कोणीतरी सरासरी काढताना तो धरून मोकळा होतो, म्हणून शक्यतो शेजारी "का नाही" असं वेगळं फील्ड ठेवा.

युनिट फील्डच्या शेजारीच दिसायला हवं. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि मिलिमोल प्रति लिटर यात साधारण १८ पटींचा फरक, क्रिएटिनिनमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून मायक्रोमोलला जाताना ८८.४ ने गुणायचं. अनेक केंद्रं असतील तर मूळ आकडा आणि मूळ युनिट दोन्ही टाकून घ्या, रूपांतर कॉम्प्युटरला करू द्या. नर्सने कॅल्क्युलेटरवर केलेलं रूपांतर नंतर कधीच तपासता येत नाही.

वय, बीएमआय, दोन तारखांमधले दिवस हेही माणसाकडून भरून घेऊ नका, मूळ फील्डवरून काढा.

फॉर्म तयार झाला की खोट्या पेशंटनी भरून बघा, आणि मुद्दाम विचित्र पेशंट घ्या: अ‍ॅडमिशनच्या दिवशीच वारलेला, जन्मतारीख माहीत नसलेला, मधेच संमती मागे घेतलेली, जुळी मुलं. हे भरून बघायला प्रत्यक्ष फॉर्म भरणारी रिसर्च नर्स किंवा कोऑर्डिनेटर हवी, वॉर्डमध्ये प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले जातात ते तिलाच माहीत असतं. मग त्या खोट्या डेटाचा एक्सपोर्ट काढून स्टॅटिस्टिशियनला द्या. तिथून जे प्रश्न येतील ते खरा डेटा यायच्या आधी आले म्हणून बरं समजा.

एकदा खरा डेटा सुरू झाला की पर्यायांचे कोड बदलायचे नाहीत. ३ म्हणजे आधी "विधवा" होतं आणि नंतर "घटस्फोटित" केलं तर जुन्या सगळ्या नोंदींचा अर्थ गपचूप बदलतो, काही एरर येत नाही. नवा पर्याय हवा तर नवा नंबर द्या.

हॉस्पिटलच्या सिस्टिममधून डेटा काढताना

ही सिस्टिम उपचार आणि बिलिंगसाठी बनलेली आहे, रिसर्चसाठी नाही. त्यात निदानाचा कोड बिलासाठी लागलेला असतो, वेळ म्हणजे कधी सॅम्पल घेतल्याची, कधी लॅबला पोचल्याची, कधी रिपोर्ट मंजूर झाल्याची असते. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गातून होणारी जीवघेणी अवस्था) अभ्यासात "अँटिबायोटिक कधी दिलं" हा मुख्य प्रश्न असतो आणि डेटाबेसमध्ये ऑर्डर दिल्याची वेळ आणि प्रत्यक्ष दिल्याची वेळ अशी दोन फील्ड असतात, चुकीचं उचललं तर अख्खा निष्कर्ष बदलेल. कॉलमच्या नावावर विश्वास ठेवू नका, पाच-दहा पेशंट घेऊन मूळ रेकॉर्डशी ताडून बघा, आणि लॅबमध्ये जाऊन तिथल्या टेक्निशियनला विचारा.

एकाच माणसाचे दोन रजिस्ट्रेशन नंबर असतात, नंतर कधीतरी ते मर्ज होतात. मर्जचं टेबल शोधा. लॅबचे निकाल नेहमी आकडे नसतात, "०.०१ पेक्षा कमी", "हिमोलाइज्ड" (सॅम्पलमधल्या रक्तपेशी फुटल्या), "रिपीट करा" असंही येतं, आणि आकड्यात बदलताना ते सगळे गळून पडतात. "०.०१ पेक्षा कमी" ही माहिती आहे, ती हरवू देऊ नका. लॅबने मशीन बदललं की टेस्टचा अंतर्गत कोड किंवा युनिट बदललेलं असू शकतं, ट्रोपोनिन या हृदयाच्या टेस्टमध्ये नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवरून नॅनोग्रॅम प्रति लिटरला गेलं तर आकडे एकदम हजारपट. म्हणून प्रत्येक टेस्टचं महिनावार मधलं मूल्य काढून ग्राफ बघायची सवय ठेवा, अचानक उडी दिसली की तिथे काहीतरी बदललंय.

चालू डेटाबेसवर जड क्वेरी कधीही चालवू नका, आयसीयूतल्या डॉक्टरांची स्क्रीन त्यामुळे अडकता कामा नये. कॉपी किंवा डेटा वेअरहाऊस वापरा. आणि प्रत्येक क्वेरी गिटमध्ये ठेवा, काढल्याची तारीख, किती ओळी आल्या, कोणत्या अटीवर किती पेशंट गळले हे सगळं तिच्यासोबत. ते गळतीचे आकडे संशोधकाला पेपरच्या फ्लोचार्टसाठी लागणारच आहेत, आत्ताच लिहिले तर दोन वर्षांनी परत खणावे लागत नाहीत.

एक्सेलबद्दल

डॉक्टर एक्सेल वापरणारच, त्यांना नाही म्हणून उपयोग नाही. पण धोके सांगून ठेवा. एक्सेल काही जनुकांची नावं तारीख समजून बदलून टाकायचं, हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली, मार्च-वनचं मार्चएफ-वन झालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत म्हणून कोविडच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकड्यातून सुटल्या, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. जुन्या मॅकवर बनलेल्या फाइलमध्ये तारखा १९०४ पासून मोजलेल्या असू शकतात, कॉपी-पेस्ट केलं की बरोबर १,४६२ दिवसांचा फरक पडतो. फाइल देताना सीएसव्ही द्या, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमात, कारण ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे कोणालाच सांगता येत नाही. आणि रंगाने माहिती देऊ नका, पिवळे पेशंट म्हणजे काय हे एक्सपोर्टमध्ये कुठेच येत नाही.

अ‍ॅक्सेस, बॅकअप, पाठवणं

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन. वॉर्डमध्ये एकच पासवर्ड सगळे वापरतात, तसं झालं की लॉगला काही अर्थ राहत नाही. रेसिडेंट डॉक्टर बदलून गेले की त्याच आठवड्यात अ‍ॅक्सेस बंद. ब्लाइंडेड ट्रायल (कोणाला कोणतं औषध दिलं हे लपवलेली) असेल तर कोणाला कोणतं औषध मिळालं ती यादी वेगळी, आणि तुम्ही स्वतः डेटा साफ करत असाल तर तुम्हीही ती बघू नका.

बॅकअपचा नियम जुनाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक बाहेर, आणि एक नेटवर्कपासून तोडलेली असेल तर रॅन्समवेअरमध्ये वाचाल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ब्रिटनच्या हॉस्पिटलांची काय अवस्था केली, अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली, ते आठवा. बॅकअप परत उघडून बघितला नसेल तर तो आहे असं धरू नका.

पेनड्राइव्ह, खासगी ईमेल, चॅट ग्रुप यावरून पेशंटचा डेटा जाता कामा नये. पण नुसतं नको म्हणून थांबू नका, सोपा सुरक्षित रस्ता करून द्या, कारण लोक नियम मोडतात ते बहुतेक वेळा रस्ताच नसतो म्हणून.

साफ करणं आणि गोठवणं

वजन ७०० किलो दिसलं की हात शिवशिवतात, ७० करून टाकावंसं वाटतं. करू नका. कदाचित ७०.० असेल, कदाचित लहान बाळाचं ग्रॅममधलं असेल. क्वेरी काढा (इथे क्वेरी म्हणजे एसक्यूएल नव्हे, शंकेची लेखी विचारणा), कोऑर्डिनेटरला पाठवा, ती मूळ रेकॉर्ड बघेल, दुरुस्त करेल, कारण लिहील. मूळ आकडा, नवा आकडा, कोणी, कधी, का, पाचही राहिले पाहिजेत. हे दर आठवड्याला थोडं थोडं करा, अभ्यासाच्या शेवटी एकदम हजार क्वेरी पाठवल्या तर तोपर्यंत पेशंट घरी गेलेले असतात आणि नर्सही बदललेली असते.

अ‍ॅनालिसिससाठी जे बदल लागतात ते स्क्रिप्टमध्ये, आर किंवा पायथॉन काहीही चालेल, आणि कच्च्या फाइलला हात नाही, ती रीड-ओन्ली करून ठेवा. सगळ्या क्वेरी मिटल्या की डेटाबेस लॉक करायचा, तारीख लिहायची, त्या क्षणाचा एक्सपोर्ट काढून त्याचा चेकसम नोंदवायचा. नंतर "फक्त एक छोटी दुरुस्ती" आली तर लेखी मंजुरी घेऊन अनलॉक, आणि नव्या नंबरची आवृत्ती.

अभ्यास संपल्यावर

पेपर छापून आला की सगळे पुढच्या कामाला लागतात, तुमचं अजून बाकी असतं. प्रोटोकॉल, डिक्शनरी, क्वेऱ्या, स्क्रिप्ट, गोठवलेला डेटा, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि सोबत साध्या भाषेत एक पान लिहा की कोणती फाइल कशापासून बनली. ते पान अभ्यासाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला देऊन त्यावरून पेपरमधलं पहिलं टेबल परत काढायला सांगा, जिथे अडेल तिथे पान दुरुस्त करा. मग मंजुरीत लिहिलेली मुदत कॅलेंडरवर टाका, की फाइल कधी नष्ट करायची आणि कोणाच्या सहीने ते ठरवा, बॅकअपमधली प्रतही त्यात धरा, आणि अभ्यासासाठी उघडलेली सगळी लॉगिन बंद करा, तुमचं स्वतःचंसुद्धा.